टोळी, वर्ग आणि निष्ठा : ‘दि आउटसायडर्स’ या कादंबरीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

कुमारवयीन नायकाच्या मनाची जडणघडण हा ज्यांचा विषय आहे अशा कादंबऱ्यांना जर्मन समीक्षेत स्वतंत्र संज्ञा आहे, आणि गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून (१७९५-९६) त्यांची परंपरा सांगण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखापुरते आपण या प्रकाराला ‘विकास-कादंबरी’ म्हणू. या परंपरेतील नायक घर सोडून बाहेर पडतो, चुकतो, शिकतो आणि अखेरीस समाजाशी जुळवून घेतो. याचा अर्थ असा की, समाजात त्याची जागा आधीपासूनच राखून ठेवलेली असते. ती त्याने स्वीकारण्यास काय तो विलंब असतो. परंतु ज्याच्यासाठी अशी जागा राखून ठेवलेलीच नाही, तो मुलगा मोठा होतो म्हणजे नेमके काय होते? १९६७ साली प्रसिद्ध झालेली एस. ई. हिंटन यांची ‘दि आउटसायडर्स’ ही कादंबरी या प्रश्नाभोवती रचलेली आहे.

या कादंबरीची ख्याती प्रामुख्याने शालेय वाचनाची कादंबरी म्हणून आहे, आणि त्यामुळे तिच्यातील ‘निष्ठा’ या मूल्याचे विवरण बहुधा उपदेशाच्या अंगाने होते. मित्राला अंतर देऊ नये, द्वेषाने हित होत नाही, श्रीमंत-गरीब सारे माणसेच आहेत, असे तिचे तात्पर्य सांगितले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. पण अपुरे आहे. कादंबरीतील निष्ठा हा केवळ सद्गुण नसून ती एका विशिष्ट वर्गस्थितीची निष्पत्ती आहे, आणि जी निष्ठा या मुलांना जगवते तीच त्यांना त्या स्थितीत बांधूनही ठेवते. निवेदकाचा विकास होतो तो ही निष्ठा टाकून देऊन नव्हे, तर तिचे स्थान आणि साधन बदलून. हा विचार सप्रमाण मांडणे आणि त्याच्या मर्यादाही दाखवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. लेखन आणि सामाजिक पार्श्वभूमी

सुझन एलॉइझ हिंटन यांचा जन्म १९४८ साली ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे झाला. ही कादंबरी त्यांनी शाळेत असतानाच लिहिली, आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. मुलांच्या टोळ्यांविषयी एका मुलीने लिहिले आहे हे कळल्यास परीक्षक पुस्तक गांभीर्याने घेणार नाहीत, या भीतीने नावाची केवळ आद्याक्षरे छापण्याची सूचना प्रकाशकांकडून आली. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्रंथपरीक्षण-पुरवणीत लिहिलेल्या लेखात, कुमारांसाठी म्हणून लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांत कुमारांचे खरे जग कोठेच दिसत नाही, अशी तक्रार हिंटन यांनी केली होती.

टल्सा हे तेलाच्या उद्योगावर संपन्न झालेले नगर. नव्या संपत्तीच्या नगरात श्रीमंत आणि कष्टकरी वस्त्या एकाच शाळेच्या परिसरात येतात तेव्हा वर्गभेद मुलांच्या रोजच्या नजरेस पडतो. तो त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. कादंबरीत नगराच्या पूर्वेकडील मुलांना ‘ग्रीझर’ म्हणतात, कारण ते लांब केसांना तेल चोपडतात; पश्चिमेकडील धनिकांच्या मुलांना ‘सोशल’ या शब्दाचा संक्षेप करून ‘सोश’ म्हणतात. अमेरिकेतील समृद्धीच्या पोटात दडलेल्या दारिद्र्याकडे त्याच सुमारास विचारवंतांचे लक्ष वेधले गेले होते. मायकेल हॅरिंग्टन यांचा ‘दि अदर अमेरिका’ हा ग्रंथ १९६२ मध्ये आला, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारल्याची घोषणा १९६४ मध्ये केली.

टोळ्यांच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा याहून जुनी आहे. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ साली शिकागोतील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गल्लीत सहज जमणारा खेळगड्यांचा घोळका बाहेरच्यांशी संघर्ष झाला की एकसंध होतो आणि टोळीचे रूप घेतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. आल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये त्याला वर्गाचे परिमाण जोडले. शाळा ही मध्यमवर्गाच्या मापदंडाने सर्व मुलांना मोजते; त्या मापात कमी भरणारा श्रमिक घरातील मुलगा अखेर तो मापदंडच झुगारून देतो आणि जेथे त्याची किंमत वेगळ्या मापाने होते अशा टोळीत मान शोधतो. हिंटन यांनी हे ग्रंथ वाचले होते की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. शास्त्रज्ञांनी बाहेरून वर्णिलेली प्रक्रिया या कादंबरीत आतून, चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगितली जाते, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

३. वर्गभेदाचे चित्रण : सिद्धान्त आणि तपशील

निवेदक पोनीबॉय कर्टिस हा तीन अनाथ भावांतील धाकटा. आईवडील मोटार-अपघातात गेल्यापासून वीस वर्षांचा डॅरी घर चालवतो आणि मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल-पंपावर काम करतो. भावांचे वर्तन सरळ राहिले तरच त्यांना एकत्र राहता येईल, अन्यथा धाकट्यांची रवानगी अनाथगृहात होईल, ही टांगती तलवार कथेच्या आरंभापासून आहे. विकास-कादंबरीतील नायकाला घर सोडावेसे वाटते. येथे नायकाचे घरच हिरावून घेतले जाण्याचा धोका आहे. या एका फरकाने त्या प्रकाराचा सारा तोल बदलतो.

वर्गभेदाचे स्पष्टीकरण कादंबरीत एका पात्राच्या मुखाने येते. उघड्या चित्रपटगृहात पोनीबॉयची गाठ चेरी व्हॅलन्स या ‘सोश’ मुलीशी पडते. तिच्या मते दोन्ही गटांत भेद आहे तो पैशाचा नसून भावनेचा. ग्रीझर सारे काही तीव्रतेने अनुभवतात. सोश मात्र अलिप्ततेचा मुखवटा चढवून हिंडतात. पुढे, दोघेही आपापल्या घरून एकच सूर्यास्त पाहतात, या जाणिवेत निवेदकाला समाधान लाभते. शालेय विवरणे नेमकी येथे थांबतात. परंतु कादंबरीचा तपशील चेरीचा सिद्धान्त मान्य करीत नाही, आणि अभ्यासकाने पात्राच्या विधानापेक्षा तपशिलावर अधिक विश्वास ठेवावा.

तीन प्रसंग पाहण्यासारखे आहेत. पोनीबॉय हुशार असल्यामुळे त्याला शाळेत वरच्या तुकडीत घातलेले आहे, आणि त्या तुकडीत बहुतेक मुले धनिकांची आहेत. जीवशास्त्राच्या तासाला गांडुळाचे विच्छेदन करताना दिलेले पाते बोथट निघते म्हणून तो सहजगत्या खिशातला खटक्याचा चाकू काढतो, आणि शेजारची मुलगी दचकून त्याला गुंड ठरवते. कृती अभ्यासाची आहे. साधन मात्र वर्गाची ओळख सांगून जाते. दुसरा प्रसंग वृत्तपत्रांचा. सोश मुलांनी दंगा केला तर एके दिवशी त्यांच्यावर टीका होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना समाजाचे भूषण म्हटले जाते; ग्रीझर मुलांच्या वाट्याला अशी दुसरी बाजू येत नाही. ती यावी म्हणून त्यांना जळत्या इमारतीत उडी घ्यावी लागते.

तिसरा प्रसंग सर्वांत मार्मिक आहे. दोन गटांच्या ठरवून केलेल्या मारामारीत डॅरीसमोर उभा राहतो तो पॉल होल्डन, शाळेच्या फुटबॉल-संघातील त्याचा जुना सोबती. डॅरी त्या संघाचा कर्णधार होता. त्याला खेळाबद्दल शिष्यवृत्तीही मिळाली होती. पण तिची भर घालूनही महाविद्यालयाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. पॉल आता महाविद्यालयात शिकतो आणि डॅरी छपरे शाकारतो. त्या क्षणी डॅरीच्या डोळ्यांत निवेदकाला जे दिसते ते केवळ शत्रुत्व नाही. मत्सर आणि लाजही आहे. एकाच मैदानावर समान ठरलेली दोन मुले पैशाने कशी वेगळी केली, हे येथे एकाही विधानावाचून कळते. भावनेचा भेद हा पैशाच्या भेदाचा परिणाम आहे, ही गोष्ट चेरीला दिसत नाही. निवेदकाला ती उमगते, पण नीट सांगता येत नाही. ती वाचकापर्यंत पोहोचते ती डॅरीच्या नजरेतून.

४. निष्ठेची तीन रूपे

या स्थितीत निष्ठा कशी निर्माण होते? पोनीबॉय आरंभीच टोळी आणि कळप यांत भेद करतो. एकमेकांना धरून राहणे, भावांसारखे वागणे, हे सुटले की उरतो तो गुरगुरणारा, परस्परांवर अविश्वास ठेवणारा कळप. येथे ‘भाऊ’ हे केवळ उपमान नाही. जॉनी केडला घरी बाप मारतो आणि आई शिव्या देते. त्याला घर असे टोळीतच आहे. कुटुंब, शाळा आणि कायदा या संस्था ज्यांना संरक्षण देत नाहीत, त्यांनी आपसांत उभारलेली संरक्षक संस्था म्हणजे ही निष्ठा होय. तिची तीन भिन्न रूपे कादंबरीत दिसतात.

पहिले रूप डॅलस विन्स्टनचे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाढलेला, दहाव्या वर्षी अटक झालेला हा मुलगा कोणतेच नियम मानत नाही. उद्यानातील कारंज्यात सोश मुले पोनीबॉयला बुडवीत असता जॉनीच्या हातून बॉब शेल्डनचा खून होतो, तेव्हा पळून जाण्यास पन्नास डॉलर आणि पिस्तूल देणारा डॅलीच असतो. टू-बिटने फोडलेल्या शाळेच्या खिडक्यांचा आरोप त्याने निमूटपणे स्वतःवर घेतला होता. पडक्या चर्चमध्ये लपलेली मुले मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ दि विंड’ (१९३६) वाचतात, आणि मरणाला सामोरे जाणाऱ्या दक्षिणेच्या सरदारपुत्रांत जॉनीला डॅली दिसतो. डॅलीची निष्ठा अशी सरंजामी घाटाची आहे. ती व्यक्तीशी बांधलेली, न्याय-अन्यायाच्या विचारापलीकडची आणि म्हणूनच व्यक्ती गेली की निराधार होणारी आहे. जॉनीच्या मृत्यूनंतर तो दुकान लुटतो आणि गोळ्या नसलेले पिस्तूल पोलिसांवर रोखून मरण ओढवून घेतो. टोळीचे सर्व मित्र त्या जागी धावत येतात, परंतु त्यांना केवळ साक्षी होता येते. निष्ठेने जे जे शक्य होते ते सर्व झाल्यावरही तो वाचत नाही.

दुसरे रूप जॉनीचे. त्याने खून केला तो मित्राच्या रक्षणासाठी, म्हणजे टोळीच्या नीतीने तो निर्दोष आहे. परंतु त्याच्या मनाला ते पुरत नाही. चर्चला आग लागते तेव्हा आत अडकलेल्या मुलांसाठी तो आत शिरतो. ती मुले त्याच्या टोळीची नव्हेत, गल्लीचीही नव्हेत. निष्ठेची कक्षा येथे प्रथमच टोळीच्या बाहेर जाते. रुग्णालयात पाठ मोडून पडलेल्या जॉनीला मारामारी जिंकल्याची बातमी कळवली जाते तेव्हा तिच्यात त्याला काहीच अर्थ वाटत नाही. सोश गटातील रँडीने हेच आधी दुसऱ्या बाजूने सांगितले होते : कोणीही जिंको, खालचे खालीच राहणार आणि वरचे वरच. मारामारीत पणाला लागलेली गोष्ट ती काय, तर एका गटाने दुसऱ्याच्या भागात पाऊल टाकू नये एवढीच. ज्या व्यवस्थेने हे भाग पाडले, तिच्यापर्यंत कोणाचीच मूठ पोहोचत नाही.

तिसरे रूप डॅरीचे. आणि समीक्षेने त्याची सर्वांत कमी दखल घेतली आहे. डॅरीची निष्ठा वीरश्रीची नाही. ती दोन-दोन कामे करण्यात, धाकट्याच्या अभ्यासावर नजर ठेवण्यात, स्वतःचे शिक्षण सोडण्यात आहे. टू-बिट एकदा बोलून जातो की, डॅरीला सोश होण्यापासून अडवणारे कोणी असेल तर ते आपणच. या वाक्यात निष्ठेची किंमत प्रथमच उच्चारली जाते. पोनीबॉयला ही निष्ठा बराच काळ निष्ठा म्हणून ओळखताच येत नाही. त्याला ती कठोरता वाटते. रागाच्या भरात डॅरीने मारलेल्या एका थपडेने तो घराबाहेर पळतो आणि साऱ्या अनर्थाला आरंभ होतो. म्हणून त्याच्या प्रौढत्वाची पहिली खूण मारामारीत सापडत नाही. श्रमाच्या रूपातील प्रेम ओळखता येणे, ही ती खूण होय.

५. निवेदनाची रचना आणि निष्ठेचे स्थानांतर

जॉनी आणि डॅली गेल्यानंतर पोनीबॉयची मानसिक अवस्था विलक्षण होते. खून आपणच केला, जॉनी मेलेलाच नाही, असे तो स्वतःला बजावू लागतो. निष्ठेचे हे रोगट टोक आहे : मित्राचा अपराध आपला म्हणून घेण्याची जी रीत डॅलीने खिडक्यांच्या बाबतीत पाळली, ती येथे भ्रमाचे रूप धारण करते. सोश मुलांवर तो फुटकी बाटली उगारतो. पण ते निघून गेल्यावर कोणाच्या मोटारीचे चाक फुटू नये म्हणून रस्त्यावरील काचा वेचतो. तो डॅली होऊ शकणार नाही, हे वाचकाला आणि मित्रांना येथेच कळते.

न्यायालय त्याला भावांजवळ राहू देते. पण तो सावरतो तो न्यायालयामुळे नव्हे. ‘गॉन विथ दि विंड’च्या प्रतीत त्याला जॉनीचे पत्र सापडते. पत्रात, चर्चमध्ये असताना पोनीबॉयने म्हणून दाखवलेल्या रॉबर्ट फ्रॉस्टच्या एका आठ ओळींच्या कवितेचा अर्थ जॉनी आपल्या परीने लावतो, आणि डॅलीला एक निरोप द्यावयास सांगतो. तो निरोप डॅलीपर्यंत पोहोचणे आता अशक्य आहे, कारण डॅली मेलेला आहे. कादंबरीचा सारा भार या न पोहोचलेल्या निरोपावर आहे. पोनीबॉयला वाटते की, अशी मुले अनेक नगरांत असतील. निरोप एकाला देता आला नाही, तर तो अनेकांना द्यावा. तो इंग्रजीच्या शिक्षकांनी सांगितलेला निबंध लिहावयास घेतो, आणि त्या निबंधाचे पहिले वाक्य म्हणजे कादंबरीचेच पहिले वाक्य होय.

ही वर्तुळाकार रचना केवळ क्लृप्ती म्हणून पाहू नये. निष्ठा आतापर्यंत मुठीने आणि मौनाने व्यक्त होत होती; आता ती साक्षीने व्यक्त होते. पूर्वी तिचा विषय गल्लीतील सात-आठ ओळखीची मुले होती. आता न पाहिलेली, अनोळखी मुले आहेत. समाजात जागा राखून न ठेवलेला मुलगा मोठा कसा होतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर कादंबरी असे देते : ज्यांना जागा नाही त्यांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी घेऊन.

तथापि या उत्तराच्या पोटात एक कटुता आहे. निबंध लिहिला जातो तो शाळेत उत्तीर्ण होण्यासाठी. कोहेन ज्या मापदंडाविषयी लिहितात, त्याच मापदंडाच्या चौकटीत ही साक्ष दिली जाते. ग्रीझरांची कथा सांगू शकला तो वरच्या तुकडीत बसणारा एकच मुलगा. शाळेने मंदबुद्धी ठरवलेल्या जॉनीचे एक पत्र उरते. डॅलीचे काहीच उरत नाही. डॅरीला लिहिण्यास उसंत नाही. कोणाची निष्ठा वाङ्मय बनेल आणि कोणाची नुसते कष्ट बनून राहील, हेही वर्गव्यवस्थाच ठरवते.

६. मर्यादा

कादंबरीच्या दोन मर्यादा अभ्यासकाने दृष्टीआड करू नयेत. पहिली म्हणजे वर्गाच्या प्रश्नाला कौटुंबिक मानसशास्त्राची मिळणारी बगल. बॉबच्या आईवडिलांनी त्याला कधी ‘नाही’ म्हटले नाही, म्हणून तो तसा झाला, असे रँडी सांगतो. जॉनीचे आईवडील क्रूर होते, म्हणून तो भेदरलेला राहिला. दोन्ही टोकांना पालकच दोषी ठरले की, नगराची पूर्व आणि पश्चिम बाजू वेगळी का, हा प्रश्न मागे पडतो. वर पाहिलेला डॅरी-पॉल प्रसंग नसता, तर हा आक्षेप निरुत्तर करणारा ठरला असता.

दुसरी मर्यादा वंशाची. ‘ग्रीझर’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात मेक्सिकन लोकांना हिणवण्यासाठी वापरला जात असे. कॅलिफोर्नियातील १८५५ चा भटकेपणाविरुद्धचा कायदा याच नावाने कुप्रसिद्ध झाला. टल्सा नगरातच १९२१ साली गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची समृद्ध वस्ती जाळून उद्ध्वस्त केली होती. या इतिहासाचा मागमूस कादंबरीत नाही. तिच्यातील दोन्ही पक्ष गोरे आहेत. जॉनी ज्या सरदारपुत्रांना आदर्श मानतो ते गुलामांचे मालक होते, हेही कोणाच्या ध्यानी येत नाही. सोळा वर्षांच्या लेखिकेला याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. परंतु ‘बाहेरचे’ या शब्दाच्याही बाहेर कोण राहिले, हे विचारल्यावाचून आजचे वाचन पूर्ण होणार नाही.

७. समारोप

या पुस्तकाचे वाचक ओसरले नाहीत. कॅलिफोर्नियातील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या विनंतीवरून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९८३ मध्ये त्यावर चित्रपट काढला. १९८८ मध्ये कुमारवाङ्मयासाठी सुरू झालेला मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार प्रथम हिंटन यांना मिळाला. आणि २०२४ मध्ये त्यावर आधारित संगीत-नाटकास सर्वोत्कृष्ट संगीत-नाटकाचा टोनी पुरस्कार लाभला. या लोकप्रियतेचे श्रेय टोळीयुद्धाच्या थरारास देणे अन्यायाचे होईल, कारण मारामारी व्यर्थ आहे हे कादंबरी स्वतःच सांगते.

तिचे खरे बळ वेगळे आहे. निष्ठेची थोरवी आणि निष्ठेची किंमत या दोन्ही गोष्टी ती एकाच वेळी दाखवते, आणि त्यांतील विरोध मिटवीत नाही. टोळीने पोनीबॉयला वाचवले, हे खरे. आणि त्याच टोळीसाठी डॅरीचे शिक्षण थांबले, हेही तितकेच खरे. ज्या समाजात मुलांना परस्परांखेरीज अन्य आधार उरत नाही, त्या समाजात त्यांच्या निष्ठेचे केवळ कौतुक करून चालत नाही. ती इतकी आवश्यक का झाली, हे विचारावे लागते. शाळेच्या वहीत लिहिलेला पोनीबॉयचा निबंध हा प्रश्न आपल्या शिक्षकांपुढे ठेवतो. त्यावर किती गुण द्यावयाचे, हे शिक्षक ठरवू शकतील. परंतु उत्तर देण्याची जबाबदारी मात्र निबंध वाचणाऱ्या सर्वांचीच आहे.